दिंग वाडग्यावरील कमळ

सन २०१३ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क येथे सोदबीज या लिलावगृहात एक लहानसा पांढरा वाडगा बावीस लक्ष पंचवीस हजार डॉलरना विकला गेला. विकणाऱ्या कुटुंबाने तो २००७ साली जुन्या सामानाच्या एका घरगुती विक्रीत सुमारे तीन डॉलरना घेतला होता, आणि पुढे काही वर्षे तो त्यांच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून पडून होता. लिलावापूर्वीचा अंदाज होता दोन ते तीन लक्षांचा. वृत्तपत्रांनी किमतीचा हा प्रवास रसभरित रीतीने सांगितला. वाडग्याच्या अंगावर काय होते, हे मात्र बहुतेकांनी एका वाक्यात आटोपले. बाहेरून पानांच्या टोकांचे एकावर एक थर आणि आतून सैल हाताने कोरलेली वेल. हे सारे पांढऱ्या मातीत आणि पांढऱ्याच झिलईखाली. याच आकाराचा व जवळजवळ याच नक्षीचा दुसरा एकच वाडगा ज्ञात होता. तो हेन्री ओपनहाइम यांच्या संग्रहातून १९४७ साली ब्रिटिश म्युझियममध्ये आलेला आहे.

किमतीविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही. आमचा प्रश्न त्या वेलीविषयी आहे. जी नक्षी चार पावलांवरून दिसत नाही ती काढण्याचे प्रयोजन काय, आणि ती काढल्याने वाडग्याचे नेमके काय साधते? प्रश्न भांड्याचा आहे खरा. परंतु अलंकार हा विषय वर्गात शिकविणाऱ्या आणि सभासंमेलनांत त्यावर हिरिरीने बोलणाऱ्या आपणां सर्वांस तो अगदीच परका नसावा, म्हणून या पृष्ठांत तो मांडीत आहोत.

'चिनी माती' हा शब्द आपल्या घरांत इतका रुळलेला आहे की त्यातील चीन आपल्या कानांस ऐकूही येत नाही. लोणच्याची बरणी आपण चिनी मातीची म्हणतो. ती खरे पाहता जाड, दगडासारख्या घट्ट भाजणीच्या भांड्यांच्या जातीची असते. खरी चिनी माती म्हणजे पातळ, टणक, टिचकी मारली असता नाद देणारी. ती पाहावयाची तर संग्रहालयात जावे लागते, आणि तेथे गेल्यावर डोळ्यांत भरतात ती निळ्या चित्रांची किंवा रंगीत मीनाकारीची भांडी. हैद्राबादच्या सालारजंग संग्रहालयात चिनी भांड्यांपुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांकडे पाहावे. पाय थबकतात ते रंगापाशी. अलंकार म्हणजे वरून दिलेला रंग, वरून काढलेले चित्र, अशी आपल्या नजरेची सवय झालेली आहे. ज्या भांड्यांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांवर रंगाचा एक ठिपकाही नाही.

ही भांडी दिंग या नावाने ओळखली जातात. उत्तर चीनमधील हेबेइ प्रांतात छूयांग नावाचा तालुका आहे. तेथील ज्येनत्सी गावाच्या परिसरात त्यांच्या भट्ट्या होत्या. हा मुलूख जुन्या काळी दिंगझोउ या शहराच्या अंमलाखाली असे, म्हणून दिंग. पुढील काळच्या चिनी रसिकांनी सुंग काळच्या पाच थोर भट्ट्या मोजल्या. त्यांत शुभ्र भांड्यांची ही एकटीच. भट्ट्यांची जागा मात्र विस्मृतीत गेली होती. कोयामा फुजिओ या जपानी अभ्यासकाने १९४१ साली तेथील खापरांच्या ढिगाऱ्यांवरून ती निश्चित केली, आणि पुढे चिनी पुरातत्त्वज्ञांनी तेथे वेळोवेळी उत्खनने केली. भरभराटीचा काळ म्हणजे उत्तर सुंग राजवटीचा, इसवी सन ९६० ते ११२७. त्यानंतर जिन राज्यकर्त्यांच्या अमलातही या भट्ट्या पेटत राहिल्या.

ही भांडी प्रथम पाहिली तेव्हा आम्हांस काहीही दिसले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. ब्रिटिश म्युझियममध्ये पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहाचे एक स्वतंत्र दालन आहे. तेथील काचेच्या कपाटापुढे उभे राहून आम्ही एक थाळी पाहिली आणि 'साधी, पांढरी, सुबक' अशी मनाशी नोंद करून पुढे सरकलो. सरकताना नजर तिरपी झाली, वरच्या दिव्याचा प्रकाश थाळीवर आडवा आला, आणि तिच्या तळात एक कमळ एकाएकी उमटले. दोन पावले मागे येताच ते गेले. असे तीनचार वेळा केल्यावर शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने आमच्याकडे संशयाने पाहिले. पुस्तकांतील छायाचित्रांत ही अडचण उलट्या रीतीने येते: छायाचित्रकार नक्षी दिसावी म्हणून प्रकाश असा लावतो की रेघा काळ्याभोर उठतात, आणि वाचकास वाटते की हे पांढऱ्या कागदावर काढलेले शाईचे चित्र आहे. दिंगच्या कमळाचे छायाचित्र पाहून त्याविषयी मत देणे म्हणजे कवितेचा गद्य अर्थ वाचून कवितेविषयी मत देण्यासारखे आहे. आणि हातात न घेता, केवळ काचेपलीकडून पाहून लिहिणारे आम्हीही या दोषातून पूर्ण सुटलेलो नाही.

आता ही नक्षी होते कशी ते पाहू. येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कारण सारे मर्म कृतीत आहे.

वाडगा चाकावरून उतरल्यावर माती अर्धवट सुकू देतात. ओली असता हत्यार रुतते, पूर्ण वाळली असता कड फुटते. मधल्या अवस्थेत ती कमावलेल्या चामड्यासारखी होते, आणि हीच कोरण्याची वेळ. ही वेळ फार काळ टिकत नाही. कारागीर तिरप्या पात्याची सुरी घेतो आणि पाकळीची बाहेरची रेघ एका ओढीत कापतो. पाते तिरपे असल्यामुळे कापाची एक बाजू उभी व खोल उतरते, तर दुसरी हळूहळू वर चढत पृष्ठभागात मिळून जाते. त्या मुख्य कापाला लागूनच पुष्कळदा एक बारीक, केसासारखी समांतर रेघ असते. एकाच ओढीत दोन रेघा उठविणारे हत्यार वापरल्याची ती खूण. पानांच्या शिरा आणि पाण्याच्या लहरी यांसाठी दातेरी फणीसारखे साधन फिरवितात. चुकलेली रेघ पुसता येत नाही. मातीचा जो कण निघाला तो निघाला.

मग संपूर्ण वाडग्यावर झिलईचे पातळ, पारदर्शक आवरण चढते आणि भाजणीत, सुमारे तेराशे अंशांच्या आगीत, झिलई वितळून वाहू लागते. वाहणारी वस्तू खोलगट जागी साचते. कापाच्या खोल कडेशी झिलई जाड होते, उथळ बाजूस विरळ. आणि या झिलईत हस्तिदंताची किंचित पिवळसर छटा असल्यामुळे जाड जागी ती छटा गडद होते, विरळ जागी फिकी. पाकळीला कडेकडून मध्याकडे जी छाया लाभते ती कोणी रंगविलेली नसते. सुरीने फक्त उतार कापलेला असतो, बाकीचे काम झिलईच्या ओघाने आणि अग्नीने केलेले असते. बाहेरच्या अंगावर हीच झिलई कधीकधी ओघळून थिजते. त्या ओघळांस चिनी रसिक अश्रूंच्या खुणा म्हणत, आणि अस्सल दिंग ओळखण्याचे ते एक लक्षण मानीत. ओघळ हा तसा भाजणीतला दोष. चिनी रसिकांनी त्याला लक्षणाची प्रतिष्ठा दिली, यात त्यांच्या रसिकतेचा मोठेपणा आहे की व्यापाऱ्यांचे चातुर्य, हे आम्ही ठरवू शकत नाही.

हस्तिदंती छटेचे कारणही आगीतच आहे. त्यापूर्वीच्या थांग काळातील शिंग भांड्यांचा पांढरा रंग थंड आणि निळसर भासतो. ती लाकडाच्या, हवा कोंडलेल्या आगीत भाजली जात. दिंगच्या कुंभारांनी पुढे दगडी कोळसा जाळण्यास आरंभ केला. कोळशाच्या भट्टीत हवा मोकळी खेळते, आणि झिलईतील लोहाचा जो अत्यल्प अंश असतो तो अशा हवेत निळ्याकडे न जाता पिवळ्याकडे झुकतो. ज्या उबदार शुभ्रतेसाठी सहस्र वर्षांनंतर आम्ही विशेषणे शोधतो, तिचे मूळ इंधन बदलण्यात आहे.

आपल्या अलंकारशास्त्राने आरंभीच एक उपमा स्वीकारली आणि ती आजतागायत वर्गावर्गांतून सांगितली जाते: काव्य हे शरीर, आणि अलंकार म्हणजे त्यावर घातलेली कटककुंडले. मम्मटानेही अलंकारांची तुलना हारादी दागिन्यांशी केली आहे. ही उपमा शिकविण्यास सोयीची आहे, आणि म्हणूनच तिने पुष्कळ नुकसान केले आहे. विद्यार्थी कवितेतून उपमा-रूपके दागिन्यांसारखी काढून मोजतो, आणि मागे काय उरले हे कोणी विचारीत नाही. दिंगच्या कुंभारांच्याच काळाच्या आगेमागे काश्मीरात लिहीत असलेल्या कुंतकाने मात्र निराळे सांगितले: अलंकार आणि अलंकार्य असा भेद विवेचनाच्या सोयीपुरता करावा, काव्यात तो नसतोच. आणि त्याच्याही आधी आनंदवर्धनाने म्हटले होते की ज्यासाठी कवीला वेगळा यत्न करावा लागत नाही तोच ध्वनीच्या मार्गातला खरा अलंकार. ही दोन्ही मते आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ती डोळ्यांनी पाहिली, ती त्या थाळीपुढे. कमळ थाळीवर घातलेले नाही. थाळीतून काढून घेतलेल्या मातीच्या जागी ते आहे. ते उतरवून ठेवावयाचे तर थाळीच मोडावी लागेल.

येथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. परंतु याच भांड्यांना दुसराही एक अलंकार आहे, आणि तो अगदी शब्दशः कंकण आहे.

दिंगच्या पुष्कळ वाडग्यांच्या व थाळ्यांच्या काठाला तांब्याची, क्वचित चांदीची वा सोन्याची, अरुंद पट्टी बसविलेली असते. ती का बसविली? अकराव्या शतकात या कुंभारांनी भांडी उपडी भाजण्याची रीत काढली. पायऱ्यापायऱ्यांच्या मातीच्या कड्यांत एकावर एक अशी पालथी भांडी रचली की एका भट्टीत कितीतरी अधिक माल मावतो, कोळसा वाचतो, आणि भार काठावर पडल्यामुळे पातळ भिंती वाकडय़ा होत नाहीत. पण जो काठ कड्यावर टेकणार त्यावर झिलई ठेवता येत नाही. ठेवली तर भांडे कड्याला चिकटून बसते. म्हणून काठावरची झिलई पुसून टाकावी लागे, आणि तो काठ खरखरीत राही. ओठांना लागणारी नेमकी तीच जागा. लू यू या दक्षिण सुंग काळातील कवीने आपल्या टिपणवहीत नोंद केली आहे की जुन्या राजधानीच्या काळी राजवाड्यात दिंगची भांडी घेत नसत, कारण त्यांस 'मांग' असे. मांग म्हणजे धान्याच्या ओंबीवरचे कुसळ. या शब्दावर विद्वानांचा वाद आहे; कोणी त्याचा अर्थ खरखरीत काठ असा घेतात, कोणी झिलईची डोळ्यांस बोचणारी चमक असा. शिवाय राजवाड्याच्या पाकशाळेचे नाव कोरलेली दिंग खापरे भट्टीच्या जागी सापडली आहेत, तेव्हा दरबाराने ही भांडी सर्वस्वी वर्ज्य केली होती असेही म्हणता येत नाही.

तर ही धातूची पट्टी म्हणजे दोष झाकणारे कंकण, असे म्हणून आमचे विवेचन पुढे गेले असते. पण इतिहास तितका सरळ नाही. काठाला सोन्याचांदीची पट्टी बसविण्याची चाल उपड्या भाजणीच्या आधीपासूनची आहे. दहाव्या शतकात ती निव्वळ ऐश्वर्याची खूण होती. आधी दागिना आला, मग त्या दागिन्याने झाकावा असा दोष उत्पन्न करण्याची सवलत कुंभारांना मिळाली. आणि एकदा दोष आल्यावर दागिना हा दागिना राहिला नाही; त्यावाचून त्या वाडग्यातून सुखाने पिता येईना. ज्याला आपण आगंतुक अलंकार म्हणालो तो आवश्यक ठरला, आणि ज्याला अंगभूत म्हणालो त्या कमळावाचून वाडग्याचे काहीच अडत नव्हते. आपली शास्त्रीय विभागणी येथे पालथी होते. 'अंगभूत' आणि 'आवश्यक' हे दोन शब्द आपण एकाच श्वासात उच्चारतो. ते एक नव्हेत, एवढे तरी या भांड्याने आम्हांस शिकविले. कमळ अंगभूत आहे आणि तरीही अनावश्यक आहे.

मग ते कशासाठी? याचे उत्तर शोधण्यापूर्वी कमळाची आणखी दोन रूपे पाहिली पाहिजेत.

पहिले रूप जुने. दिंगझोउ शहरातील दोन बौद्ध स्तूपांची तळघरे १९६९ साली उघडण्यात आली. एक ९७७ सालचे, दुसरे ९९५ चे. त्यांत आरंभीच्या दिंग भांड्यांचा मोठा साठा मिळाला. त्यांतील सर्वांत देखणे भांडे म्हणजे उंच मानेची, तोटीच्या जागी व्यालमुख असलेली, साठ सेंटिमीटरहून थोडी अधिक उंचीची एक कुंडिका. कुंडिका हा शब्द आपलाच. भिक्षूंच्या या जलपात्राबरोबर तो चीनमध्ये गेला, आणि कमळाचे पावित्र्यही त्याच मार्गाने गेले. दिंगझोउच्या काइयुआन मठातील एक भिक्षू भारतातून बुद्धाचे अवशेष घेऊन परतला, आणि त्यांसाठी १००१ साली सम्राटाने जो मनोरा बांधावयास घेतला तो १०५५ मध्ये पुरा झाला. चौऱ्याऐंशी मीटर उंचीचा तो विटांचा मनोरा आजही उभा आहे. सीमेपलीकडच्या ल्याओ सैन्यावर त्यावरून नजर ठेवीत, हे त्याचे दुसरे प्रयोजन. असो. त्या कुंडिकेवरच्या कमळपाकळ्या पाहाव्या. त्या खोल कापून उठविलेल्या आहेत. भांड्याचे पोटच जणू कमळ झाले आहे. ही शिल्पकाराची दृष्टी. तेथे कमळ दिसत नाही असे होऊच शकत नाही, कारण ते धर्मचिन्ह आहे आणि दिसणे हे त्याचे काम आहे. शंभर वर्षांनी थाळीच्या तळात जे कमळ उतरले त्याने हे काम सोडून दिले आहे. तेथे आता कमळाशेजारी पिओनीची फुले, लिलीची पाती, पाण्यात पोहणारी बदके आहेत. जेवणाच्या थाळीत तळाशी तळे.

दुसरे रूप नंतरचे, साच्याचे. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून दिंगचे कुंभार नक्षी कोरलेल्या साच्यावर मातीचे भांडे दाबून आतून नक्षी उठवू लागले, आणि जिन काळात ही रीत प्रबळ झाली. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व तेराव्याच्या आरंभीचे, साल कोरलेले काही साचे आज संग्रहालयांत आहेत. या नक्षीत फुलाला फूल लागलेले असते. काठाशी नागमोडी पट्ट्याची चौकट, तिच्या आत वेल, वेलीत पक्षी, तळात पुन्हा वेगळा देखावा. दिंगझोउ हे त्या काळी रेशमी विणकामासाठीही विख्यात होते, आणि या साच्यांवरची रचना पाहताना भरजरी वस्त्राची आठवण व्हावी हे स्वाभाविकच आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्यवस्तूच्या घटनेसाठी संवाद, विरोध आणि समतोल हे तीन लयनियम सांगितले, हे वाचकांस विदित आहे. ते नियम घेऊन या दोन थाळ्यांपुढे उभे राहावे: एक सुरीची, एक साच्याची. प्रामाणिकपणे तपासले तर साच्याची थाळी अधिक गुण मिळविते. तिच्यातील संवाद अधिक काटेकोर, विरोध अधिक योजनाबद्ध, समतोल निर्दोष. सुरीच्या थाळीतील कमळ मध्यापासून किंचित ढळलेले असते, एका बाजूचे पान दुसरीकडच्यापेक्षा मोठे होते, देठाची रेघ पुष्कळदा पाकळीखालून न जाता तिच्या शेजारीच संपते. आणि तरीही दोन्ही थाळ्या आमच्यापुढे ठेवल्या तर आमची नजर सुरीच्या थाळीवर राहते. मर्ढेकरांचा सिद्धांत खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो घडलेल्या वस्तूचा सिद्धांत आहे. वस्तू घडली कशी याची खूण वस्तूतच उरत असेल, तर त्या खुणेचे काय करावयाचे, याचे उत्तर त्यात आम्हांस सापडले नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. हाताचे काम सजीव आणि साच्याचे निर्जीव, असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे आहे. पण सुरी चालविणारा तो कारागीर एकांतात बसलेला कलावंत नव्हता. तो कोळशावर चालणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात काम करीत होता; त्याच्यापुढे एकाच मापाच्या अर्धवट सुकलेल्या थाळ्यांची रांग असे, आणि माती हाताबाहेर जाण्यापूर्वी ती रांग संपवावी लागे. तेच कमळ त्याने शेकडो, कदाचित हजारो वेळा कापले. त्याची रेघ सैल आहे ती प्रतिभेच्या उन्मेषामुळे नव्हे, घाईमुळे. एका ओढीत पाकळी कापावी लागते म्हणून ती एका ओढीची आहे.

मग साच्याच्या पुनरावृत्तीत आणि या पुनरावृत्तीत फरक कोणता? ग्वाल्हेरचा एखादा जुना गवई तीच बंदिश चाळीस वर्षे गातो. ऐकणाऱ्याला ती पाठ असते, गाणाऱ्याला तर ती झोपेतही येईल. आपण ऐकावयास जातो ते बंदिश कळावी म्हणून नव्हे, आज ती कशी जाते हे पाहावे म्हणून. त्याच बंदिशीचे ध्वनिमुद्रण शंभर वेळा लावले तर शंभर वेळा तेच ऐकू येते, आणि ते उत्तम असते. साचा हे ध्वनिमुद्रण आहे. त्यात पुन्हा येते ते केलेले काम. सुरीच्या थाळीत पुन्हा येते ते करणे. तिरप्या प्रकाशात ते कमळ उमटले तेव्हा आम्हांस प्रथम जाणवला तो फुलाचा आकार नव्हे. कोठे सुरी खोल रुतली, कोठे मनगट वळले, कोठे ती उचलली गेली, हेच प्रथम जाणवले. मनगट वळल्याची ती जागा नऊशे वर्षे तशीच आहे.

आमच्या एका विद्वान स्नेह्यास हे सारे बोलून दाखविले असता त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मग जी दिंग भांडी अगदी कोरी आहेत, त्यांचे काय करता?" आक्षेप खरा आहे. एकही रेघ नसलेले दिंग वाडगे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही इतके सुंदर आहेत की त्यांपुढे कमळ आठवत नाही. अलंकारावाचूनही काव्य असते, ही मुभा मम्मटानेही ठेवलीच आहे. आम्ही त्यांना इतकेच उत्तर दिले, आणि येथेही इतकेच देतो, की कोऱ्या वाडग्यात आपण आकार पाहतो आणि रंग गृहीत धरतो. कोरलेल्या वाडग्यात तो पांढरा रंग एक नाही हे प्रथम कळते. कापाच्या तळाशी एक पांढरा, चढावर दुसरा, कडेवर तिसरा. कमळ हे त्या शुभ्रतेवरचे चित्र नसून ती शुभ्रता पाहण्याचे निमित्त आहे. स्नेह्यांचे यावर समाधान झाले नाही. निमित्ताला फूलच कशाला हवे, नुसत्या तिरप्या रेघा का चालू नयेत, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, चालतील. कित्येक वाडग्यांवर बाहेरून तेवढेच आहे. पण कमळ पाण्यातून वर येते, आणि झिलई हेही एक थिजलेले पाणीच आहे. थाळीच्या तळात कमळ कापणाऱ्याला हे सुचले नसेल असे आम्हांस वाटत नाही. हे मात्र अनुमान आहे, पुरावा नाही.

जाता जाता आणखी एका कोरीव कामाचा उल्लेख केला पाहिजे. अठराव्या शतकातील छ्यानलुंग सम्राट हा दिंग भांड्यांचा मोठा संग्राहक होता. तो कवीही होता; चाळीस हजारांहून अधिक कविता त्याच्या नावावर आहेत, यावरून त्यांच्या गुणाविषयी तर्क करण्यास वाचक समर्थ आहेत. आपल्या संग्रहातील भांड्यांवर स्वतःची पद्ये कोरून घेण्याची त्याला आवड होती. तैपेइ येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात पालथ्या निजलेल्या बालकाच्या आकाराची एक दिंग उशी आहे. तिच्या तळावर त्याची कविता आहे. कित्येक थाळ्यांच्या व वाडग्यांच्या बुडाशीही अशीच पद्ये आहेत.

ही अक्षरेही कोरलेलीच, पण ती भाजणीनंतर सातशे वर्षांनी, टणक झालेल्या झिलईवर घासून उठविलेली. मऊ मातीत सुरी फिरली तेव्हा झिलई तिच्या मागून त्या कापात वाहत गेली. सम्राटाच्या अक्षरांत काहीही वाहत गेलेले नाही. त्यांच्या कडा कोरड्या आहेत. ती स्पष्ट वाचता येतात, कोणत्याही प्रकाशात आणि कोणत्याही कोनातून. आणि ज्यांना चिनी येते त्यांचे म्हणणे असे की त्यांत भांड्याच्या प्राचीनतेविषयी, दुर्मिळतेविषयी आणि ते पाहून सम्राटाला काय वाटले याविषयी मजकूर असतो. आम्हीही तीन पृष्ठे तेच करीत आलो आहोत हे लिहिता लिहिता ध्यानात आले. एवढे मात्र सम्राटाच्या बाजूने म्हटले पाहिजे की त्याने आपली कविता थाळीच्या तोंडाशी न कोरता बुडाशी कोरली. थाळी सरळ ठेवली की ती खाली जाते, आणि वर कमळ राहते.